शेवटची ओळ वाचणारे साहेब

"खाली या, मॅडम. अजून खाली. हां, ही शेवटची ओळ. हिचं बोला."

आमच्या साहेबांचं हे वाक्य कानावर पडलं नाही असा एक दिवस त्या ऑफिसात गेला नाही. बोलताना ते पेनाचं टोपण काढायचे आणि त्या टोपणानं कागदाच्या तळाशी टकटक करायचे. कागद नसला तर स्क्रीनवर. वरचं सगळं त्यांच्या लेखी फापटपसारा. तुम्ही वर जीव ओतून काही लिहिलेलं असू दे, सगळ्या कामाचं मर्म तिथंच असू दे, साहेब तिकडे ढुंकून पाहायचे नाहीत. जे काय असतं ते शेवटच्या ओळीत असतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. असा एखादा सिद्धान्त हाताशी असला की माणसाचे विचार करायचे कष्ट वाचतात.

असा साहेब तुमच्याही पाहण्यात असेल. हुशार म्हणून नावाजलेला, कमी बोलणारा, आणि कमी बोलतो म्हणूनच हुशार ठरलेला. मी या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढली. त्यांच्याविषयी चांगलं काही लिहावं असं पुष्कळ जण मला सांगतात. मी प्रयत्न करते, पण जमेल असं वाटत नाही.

आमचं ऑफिस बारामतीत, ट्रॅक्टरच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर. काम पाण्याचं. एखाद्या गावाला उपसा योजना हवी असली, म्हणजे नदीचं पाणी मोटरीनं वर उचलून गावच्या तळ्यात टाकायचं असलं, की ती योजना आधी आमच्याकडे यायची. आम्ही ती कॉम्प्युटरवर चालवून बघायचो. नदीला पाणी किती, वीज किती तास, गावानं पीक कुठलं लावलं, हे आकडे घालायचे आणि अख्खं वर्ष कॉम्प्युटरातच काढायचं. उन्हाळा संपताना तळ्यात पाणी उरलं तर 'भागतं', नाही उरलं तर 'भागत नाही'. आमचा हा शब्द तालुक्याच्या बैठकीत वाचला जायचा आणि त्यावर गावाला पाणी मिळायचं किंवा मिळायचं नाही.

मी पिंपळीची. शिक्षण संपवून पुण्यात थोडी नोकरी केली आणि घराजवळ काम मिळतंय म्हणून इथं मुलाखतीला आले. साहेबांनी माझ्या गुणपत्रिकांचा गठ्ठा पालथा केला, सगळ्यात खालची ओढून काढली, तिची शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले, "सोमवारपासून या." त्याआधीच्या वर्षी मी एका विषयात सपशेल आपटले होते. ते त्यांनी पाहिलंच नाही. तेव्हा मला वाटलं होतं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे!

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य, "जागा अडवू नका." टेबलावर वही राहिली, जागा अडवू नका. फळ्यावर कुणी आकडेमोड करत असला तर याचं वर लिहून होतंय तोवर साहेब मागून डस्टर घेऊन हजर. चहाचा कप तळाशी घोटभर चहा असतानाच उचलला जायचा. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर विचारूच नका. ते शिकले तेव्हा म्हणे मशीनमध्ये एवढीशी मेमरी असायची, आणि ती वाचवणारा तो खरा प्रोग्रॅमर. पुढं मशीनं बदलली, मेमरी पोत्यानं मिळायला लागली, पण साहेबांचा हात आखडलेला तो आखडलेलाच. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, मधले निकाल आपण ठेवत का नाही?"

"कशाला? मी बघतो ना. प्रोग्रॅम चालू असताना सगळे आकडे स्क्रीनवरून जातात. माझ्या डोळ्यांखालून जातं सगळं."

ते खरं होतं. प्रोग्रॅम सुरू झाला की साहेब खुर्ची ओढून बसायचे, हाताची घडी घालायचे, आणि काळ्या स्क्रीनवरून पांढरे आकडे भराभर वर सरकताना बघायचे. कुणाच्या बापाला वाचता येणार नाहीत इतक्या वेगानं ते जायचे. साहेब मधूनच मान डोलवायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांना काहीतरी समजतंय. शेवटी आकडे थांबायचे आणि तळाशी एक ओळ उरायची. मग टोपण निघायचं.

न्यायाला धरून एक सांगायला हवं. पावसाचं अंधारून आलं की साहेब मला लवकर घरी पाठवायचे आणि नंतर पिंपळीला आमच्या दादांना फोन करून विचारायचे, "पोचल्या का मॅडम?" त्यात कुठलाही डाव नव्हता. माणूस घरात, दारात भलाच होता. म्हणून तर जास्त राग येतो. नुसताच नालायक असता तर सोडून दिला असता.

आता त्यांच्या कीर्तीविषयी. साहेबांचा निर्णय बहुतेक वेळा एकच असायचा: भागत नाही. कुठलंही गाव आणा, कुठलीही नदी आणा, भागत नाही. यामुळं ते चार तालुक्यांत परखड म्हणून प्रसिद्ध झाले. अधिकाऱ्यांना ते फार प्रिय, कारण 'नाही' म्हटलं की पुढचं काम वाचतं आणि दोष दुसऱ्याच्या आकड्यांवर जातो. गाववाले हात जोडून उभे राहिले की साहेब म्हणायचे, "आकडा बोलतो, मी नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी म्हटलं की पुढं त्यांच्याआधी ते लोकच म्हणायला लागले.

आणि या कीर्तीचा कळस म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव. इंदापूर तालुक्यात माळावर वसलेलं, नदी खाली दिसते पण पाणी वर येत नाही असं गाव. मी नोकरीला लागायच्या आधीच त्या गावाची उपसा योजना साहेबांकडं आली होती, आणि साहेबांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून, स्वतः चालवून, आपल्या जन्मगावाला 'भागत नाही' असं लिहून दिलं होतं. योजना बारगळली. साहेब मात्र मोठे झाले. प्रशिक्षणाला गेले की ही गोष्ट ठरलेली. "माझी सख्खी चुलती तिथं राहते. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. तिच्या डाळिंबाला पाणी मिळणार होतं. तरी मी नाही म्हटलं." एवढं बोलून ते थांबायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

मग एका सकाळी त्या गावचे सरपंच ऑफिसात आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. बरोबर दोन-तीन माणसं. टोपी मांडीवर ठेवून तात्या साहेबांसमोर बसले.

"सायेब, योजना पुन्यांदा टाकलीया आमी. खालच्या धरणातलं शिल्लक पाणी वाटायचं चाललंय. इंदापूरला मीटिंग हाय. त्यात आमचं नाव लागलं तर लागलं. न्हायतर आमच्या वाट्याचं दुसऱ्या गावाला जाईल, आन् मग पुन्यांदा काय हुईत न्हाय."

"तात्या, मागं एकदा बघितलंय ते."

"बघितलंय की. म्हणून तर आलोय. पुन्ना एकदा बघा." तात्यांनी टोपी फिरवली. "तुमची काकी आता लेकीकडं ऱ्हातीय, कळलं का? बाकीच्यांनी टँकर घालून बागा दोन-तीन साल जगवल्या. म्हातारीनं तुमचा रिपोर्ट आला त्याच हप्त्यात बाग उपटली. आमी म्हणलं, काकी, थांबा जरा. ती म्हणली, माझा पोरगा खोटं न्हाय सांगायचा."

 साहेबांनी तात्यांचा अर्ज घेतला, उलटा केला, शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडं सरकवला. "मॅडम, जुनाच प्रोग्रॅम आहे. नवे आकडे घाला आणि चालवा."

जुना प्रोग्रॅम मी उघडला. साहेबांचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायची वेळ माझ्यावर त्याआधी आलीच नव्हती. आम्ही नुसते आकडे घालायचो आणि चालवायचो. तुम्ही म्हणाल, ही आता आम्हाला कॉम्प्युटर शिकवणार. शिकवत नाही. गोष्ट एवढीशीच आहे, स्वयंपाक येणाऱ्या कुणालाही समजेल.

प्रोग्रॅममध्ये तीन याद्या होत्या. विजेची, नदीची आणि पिकांची. प्रत्येक यादी सरकारी शिरस्त्याप्रमाणं वरून खाली: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. विजेची एक परिस्थिती घ्यायची, तिच्यासाठी नदीच्या सगळ्या परिस्थिती तपासायच्या, आणि नदीच्या प्रत्येक परिस्थितीसाठी सगळी पिकं. फेऱ्यांच्या आत फेऱ्या, आमच्या भाषेत लूपच्या आत लूप. प्रत्येक फेरीत एक वर्ष चालायचं आणि एक उत्तर निघायचं. ती सगळी उत्तरं एका तक्त्यात, आपापल्या कप्प्यात ठेवायची असतात. साहेबांनी मात्र सगळ्यांसाठी मिळून एकच कप्पा केला होता. नवं उत्तर आलं की जुनं गेलं.

एखादी बाई भाकरी थापते, भाजते, आणि टोपलीत आधीची भाकरी असली तर ती बाहेर फेकून ही ठेवते. असं करत सगळ्या पिठाच्या भाकरी करते. शेवटी तवा तापून लाल झालेला, शेवटची भाकरी करपलेली. ती टोपलीत टाकून घरच्यांना सांगते, बघा, आज एकच भाकरी झाली आणि तीही खाण्यासारखी नाही. या बाईला आपण काय म्हणू? आमच्याकडं तिला परखड म्हणायचे.

कारण शेवटच्या फेरीत काय यायचं ते बघा. विजेची कनिष्ठ परिस्थिती, नदीची कनिष्ठ परिस्थिती, आणि पिकांच्या यादीत तळाला होता सगळ्या रानात ऊस. म्हणजे वीज येत नाही, नदी आटलेली, आणि तरीही गावानं बांधापासून बांधापर्यंत ऊस लावलाय. इतकं येडं गाव पुणे जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. साहेब प्रत्येक गावाला तेच समजून निकाल देत आले होते, आणि निकाल 'भागत नाही' हाच यायचा. नदी कुठलीही असो, गाव कुठलंही असो. त्यांचा परखडपणा म्हणजे एक न केलेला तक्ता होता.

मी लूप सुरू व्हायच्या आधीच सगळ्या उत्तरांसाठी रिकामे कप्पे मांडले, कुठली फेरी कुठल्या कप्प्यात ते ठरवलं आणि आधी साहेबांनी पूर्वी घातलेले आकडे जसेच्या तसे चालवले. तक्ता भरला. बहुतेक कप्प्यांत 'भागतं'. वीज मध्यम असली तरी भागत होतं. नदी कमी असली तरी भागत होतं. अट एकच, ऊस अर्ध्या रानाच्या वर नको. डाळिंबाला तर पाणी पुरून उरत होतं. म्हणजे पहिल्याच वेळी, साहेब हाताची घडी घालून बसले होते तेव्हा, हे सगळे 'भागतं' त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. त्यांनी मान डोलवली असेल.

मी तक्ता छापून साहेबांसमोर ठेवला.

"खाली या," साहेब म्हणाले.

 त्यांनी टोपण काढलं, तळाची ओळ बघितली. तिथं 'भागत नाही' हेच होतं. ती परिस्थितीच तशी होती. साहेबांचा चेहरा खुलला. "बघा. माझंच बरोबर आलं."

"सर, आता वर चला."

"काय?"

"एकेक ओळ वर चला. आणि हे तुमचेच जुने आकडे आहेत, नवे नाहीत."

टोपण वर चढायला लागलं. एक ओळ, दुसरी ओळ. मग ते थांबलं. साहेबांना कळलं नाही असं नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना क्षणात कळलं. प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता, आणि माणूस मठ्ठ नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढा एक क्षण मला त्यांची कीव आली, कारण ते कुणाचा विचार करत असतील हे मला दिसत होतं.

मग त्यांनी तोंड उघडलं. "हे अजून कुणी बघितलंय?"

माझी कीव तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी साहेब ताजेतवाने होऊन आले. रात्रीतून त्यांना मार्ग सुचला होता. "मॅडम, तक्त्याबिक्त्याची भानगड नको. जुना प्रोग्रॅमच राहू दे. फक्त याद्या उलट्या लावा. कनिष्ठ वर, उत्तम खाली."

मला समजायला वेळ लागला. याद्या उलट्या केल्या की शेवटची फेरी सगळ्यात चांगल्या परिस्थितीची येणार. त्या एकुलत्या एका कप्प्यात 'भागतं' उरणार. प्रोग्रॅम तोच, साहेब तेच, उत्तर हवं ते. आपली चूक समजल्यावर माणूस ती सुधारतो, लपवतो, नाहीतर नाकारतो. साहेबांनी तिचं हत्यार केलं. आजवर नकळत करत होते, ते आता त्यांना मुद्दाम करता येणार होतं.

"सर, मग गावाला आपण सांगणार की भरपूर पाणी आहे. लोक सगळ्या रानात ऊस लावतील. वीज गेली की पुन्हा बोंब. अर्ध्याच रानात ऊस लावा, हे कोण सांगणार?"

"ते त्यांनी बघावं. त्यांना हो पाहिजे ना? हो देतोय आपण."

"मी याद्या उलट्या करणार नाही."

"मग मी करतो."

"करा. पण मग मी बैठकीत हा तक्ता वाटेन, आणि जुने आकडे का चालवले तेही सांगेन."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटातलं उचललं. "तुम्हाला लवकर घरी सोडायचो मी," ते म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी नवे आकडे घालून केलेला तक्ताच गेला. सही साहेबांचीच. इंदापूरच्या तहसील कचेरीत बैठक झाली. बाहेर हायवेवरून उसाच्या गाड्या जात होत्या, आत पंखा नुसता आवाज करत होता. तात्या आणि त्यांची माणसं भिंतीला टेकून उभी. साहेबांनी तक्ता वाचला, आणि काय वाचला! प्रत्येक ओळीवर टोपण ठेवत, जसं काही जन्मभर ते मधल्याच ओळी वाचत आलेत. अर्धं रान ऊस, बाकी डाळिंब आणि ज्वारी, असं नियोजन गावानं पाळलं तर भागतं. अध्यक्षांनी विचारलं, "मागच्या वेळी तुम्हीच नाही म्हणाला होतात ना?"

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," साहेब म्हणाले. "आकडा बोलतो, मी नाही."

मी मागच्या खुर्चीत बसले होते. तोंड उघडलं असतं तर सगळं चौकशीत गेलं असतं आणि शिल्लक पाणी दुसरीकडं. तात्या माझ्यासमोर टोपी हातात गच्च धरून उभे होते. मी गप्प बसले ते त्या टोपीसाठी. साहेबांसाठी नव्हे, हे नोंदवून ठेवते. योजना मंजूर झाली.

आपल्याकडं पाणी यायच्या आधी सत्कार येतो. नदीवर अजून पाइप पडला नव्हता, तोवर गावानं मांडव घातला. साहेब त्याच महिन्यात निवृत्त होणार होते, त्यामुळं दोन्ही कार्यं एकदम उरकायची होती. त्यांना फेटा, शाल, नारळ. गावाचा पुत्र, आधी नाही म्हणण्याची हिंमत दाखवणारा आणि आता हो म्हणण्याचं मन असणारा. असं बॅनरवर लिहिलं होतं. मला तात्यांनी आग्रहानं बोलावलं होतं, बायकांच्या बाजूला पुढं सतरंजीवर बसवलं होतं.

माझ्या शेजारी एका म्हातारीला आणून बसवलं. नऊवारी, हातात काठी, कपाळावर गोंदण. तात्या वाकून त्यांच्या कानाशी ओरडले, "काकी! हितं बसा! आलाय तुमचा पोरगा!" मग मला म्हणाले, "त्या दिशी हापिसात म्हणलं न्हवं का, न्हाय ऐकू येत त्यास्नी. पार कानात तोंड घालून बोंबलाय लागतं. दोन वर्सं झाली."

साहेब मांडवात आले. काकींना बघून थबकले. मग सरळ आमच्याकडं आले, खाली वाकले, पायांना हात लावला. काकींनी त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. साहेब तसेच वाकलेले राहिले. त्यांनी तोंड काकींच्या कानाजवळ नेलं आणि नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू म्हणाले, "काकी, पहिल्या वेळी माझं चुकलं. बाग काढायला नको होती."

मी हातभर अंतरावर होते. मला स्वच्छ ऐकू आलं. काकींना काहीही ऐकू आलं नाही. त्या हसल्या आणि मान हलवली. साहेब उठले, डोळे पुसले, आणि स्टेजवर गेले.

त्या माणसानं एवढ्या वर्षांत एकदाच चूक कबूल केली, आणि ती बहिऱ्या कानात. आपल्या चुलतीला ऐकू येत नाही हे त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल. माहीत होतं. तात्या आधल्याच आठवड्यात आमंत्रण द्यायला ऑफिसात आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, माझ्यासमोर. मला इतका संताप आला की समोरचं काही दिसेना. आणि त्यांचे डोळे खरोखर ओले होते, याचा जास्त आला.

भाषण झालं. "तेव्हा आकडा नाही म्हणाला, मी नाही म्हणालो. आता आकडा हो म्हणतोय." टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरताना काकींनी माझा हात ओढला.

"पोरी, मघा काय म्हणला गं त्यो माझ्या कानात?"

जेवणाच्या पंगतीची घाई सुरू झाली होती, माइक बंद झाला होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "चुकलं म्हणाले! पहिल्यांदाच पाणी येण्यासारखं होतं! बाग काढायला नको होती म्हणाले!"

 पत्रावळी मांडणारे जागच्या जागी थांबले. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्टेजकडं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अजूनही ते आठवलं की बरं वाटतं.

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मोठ्या मनानं काही तरी बोलतील, माणूस हाय, चुकतं, असं म्हणतील, अशी मला धास्ती होती. तसं त्या काही म्हणाल्या नाहीत.

"बहर धरल्याला गं," त्या म्हणाल्या. "झाडाला फुलं व्हती. तशीच उपटली म्या. ह्याच्या शब्दावर."

मग काठी टेकून त्या उठल्या. मला वाटलं, आता स्टेजवर जातील, चार शिव्या हासडतील. मी त्यांना वाट करून दिली. पण स्टेजवरची खुर्ची रिकामी होती. शाल खुर्चीवर, नारळ खाली. साहेब मागच्या कनातीतून निघून गेले होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला, काकींनी सोडून.

नंतर ते ऑफिसात आले नाहीत. रजा टाकली आणि रजेतच निवृत्त झाले. आता पुण्यात मुलाकडं असतात म्हणे. मला त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही.

काकी मात्र त्या दिवशी मांडवाच्या दारापर्यंत गेल्या. कपाळाला आडवा हात लावून रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. रस्त्यावर धूळ तेवढी दिसत होती. तात्या त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"जेवल्याबिगर गेला," काकी म्हणाल्या, आणि त्याही जेवायला परत आल्या नाहीत.